पोटाच्या डायलिसिसची पहिली पिशवी लावण्याआधी

किडनी काम करेनाशी झाली की पिशवीतलं औषधी पाणी पोटात भरून, काही तासांनी काढून रक्त साफ करतात, ते पोटाचं डायलिसिस. त्यासाठी पोटात कॅथेटर, म्हणजे मऊ नळी, बसवला की साधारण दोन आठवडे जखम भरू देतात आणि मग घरी पिशव्या सुरू होतात. हे दोन आठवडे तयारीचे. आईच्या वेळी आम्ही ते भेटायला येणाऱ्यांना चहा करण्यात घालवले, म्हणून तुम्हाला आधीच सांगते.

आधी जागा ठरवा. वेगळी खोली असलीच पाहिजे असं नाही, दोन खोल्यांच्या घरातही हे नीट जमतं. दार लावून घेता यावं, उजेड भरपूर असावा, फरशी आणि टेबल रोज पुसता यावं. नळी जोडताना आणि सोडवताना पंखा, कूलर, एसी बंद. मे महिन्यात जीव नकोसा होतो खरा, पण नळीचं टोक उघडं असतं ते जेमतेम अर्धा मिनिट. जोडणी झाली की पंखा खुशाल लावा. देवघर तिथेच असेल तर उदबत्ती नंतर. पावसाळ्यात ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नका. आणि मांजर असेल तर पिशवी लावण्याच्या वेळी बाहेर. हलणारी नळी तिला खेळणं वाटते, आणि मांजराचा दात लागून पोटात जंतू गेल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत.

दिवसाला चार पिशव्या म्हणजे महिन्याला १२० होतात, दोन-दोन लिटरच्या. खोकी जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा, भिंतीच्या ओलीपासून आणि उन्हापासून लांब. प्रत्येक पिशवी घेताना तारीख बघायची, दाबून गळत नाही ना ते बघायचं, पाणी स्वच्छ आहे ना ते बघायचं. पिशवी कोमट करायला कोरडी ऊब हवी. हीटिंग पॅड चालतो. आम्ही पहिल्या आठवड्यात गरम पाण्याच्या बादलीत बुडवली होती आणि डायलिसिस केंद्रातल्या सिस्टरांनी डोक्याला हात लावला. पाण्यातले जंतू जोडाच्या तोंडाशी जाऊन बसतात. मायक्रोवेव्हही नको, त्यात एखादा भाग भलताच तापतो.

आता हात. साबणाने निदान ४० सेकंद, बोटांच्या बेचक्या आणि अंगठा धरून, मग स्वच्छ रुमालाने पूर्ण कोरडे. ओला हात कोरड्यापेक्षा जास्त जंतू वाहून नेतो. नखं कापलेली. तोंडाला मास्क पेशंटच्याही आणि जोडणाऱ्याच्याही. आमच्याकडे खरा प्रश्न बांगड्यांचा झाला. आई हिरवा चुडा उतरवायला तयारच नव्हती. शेवटी आत्याने समजावलं, काढून ठेवल्या म्हणजे वाढवल्या नव्हेत, तासाभराने पुन्हा भर. मंगळसूत्र लांब असेल तर ब्लाउजमध्ये खोचा, वाकताना ते बरोबर नळीवर येतं.

जोडण्याचा क्रम सिस्टर शिकवतात तोच ठेवा, घाई म्हणून एक पायरी गाळू नका. हल्लीच्या जोडपिशवीत (भरलेली आणि रिकामी पिशवी एकाच नळीला जोडलेली) नव्या पाण्याची एक चूळ आधी रिकाम्या पिशवीत सोडतात, मग पोटातलं जुनं पाणी काढतात आणि शेवटी नवं भरतात. जोडताना टोकाला काही चिकटलं असेल तर ते असं बाहेर वाहून जातं. आधी भरलं तर तेच आत जातं. या एका युक्तीने पोटातला संसर्ग पूर्वीपेक्षा बराच कमी झाला.

तरी टोक कुठेतरी लागतंच. आईचं लागलं ते दिवाळीच्या सकाळी, पदराला. तिने कुणाला सांगितलं नाही, कारण आदल्या आठवड्यात मी तिच्यावर ओरडले होते. तिसऱ्या दिवशी पोट दुखायला लागलं आणि पिशवी तांदळाच्या धुवणासारखी निघाली. म्हणून माझ्या यादीत सगळ्यात वरचं काम हे आहे: घरात ठरवून टाका की टोक लागलं असं कुणी म्हणालं तर त्यावर कुणी चकार शब्द बोलायचा नाही. नळीचा चिमटा बंद करायचा, टोकाला नवी टोपी लावायची, केंद्राला फोन करायचा. ते ट्रान्सफर सेट, म्हणजे कॅथेटरला बाहेरून जोडलेला नळीचा छोटा तुकडा, बदलून देतात, आणि पाणी आत गेलं असेल तर अँटिबायोटिकही. एरवी हा सेट सहसा सहा महिन्यांनी बदलतात, ती तारीख आजच कॅलेंडरवर लिहा.

नळी पोटातून बाहेर येते त्या जागेचं थोडक्यात: रोज बघायची, सांगितलेलं मलम लावायचं, खपली ओढायची नाही, नळी पोटाला चिकटपट्टीने बसवायची म्हणजे हिसका बसत नाही. परकराची नाडी किंवा पँटचा पट्टा त्यावर येता कामा नये, ऑपरेशनआधीच डॉक्टरांना बसून दाखवा की नाडी कुठे बांधता. नदी, विहीर, टबात डुंबणं बंद. लाली, दुखणं, पू दिसला तर त्याच दिवशी दाखवा.

पोट साफ राहण्याची सोय करा, ही गोष्ट कुणी सांगत नाही. बद्धकोष्ठ झालं की आतड्यातले जंतू भिंत ओलांडून पोटाच्या पाण्यात येऊ शकतात. पोटॅशियम कमी झालं तरी आतडं मंदावतं. मशीनवरच्या डायलिसिसवाल्या नातेवाइकांचं ‘केळं नको, नारळपाणी नको’ ऐकून तेच आपल्याला लावू नका, पोटाच्या डायलिसिसमध्ये पोटॅशियम उलट कमीही पडतं. तुमचा रिपोर्ट बघून डॉक्टर सांगतील ते खरं. दात काढायचा असेल, कोलोनोस्कोपी किंवा गर्भाशयाची तपासणी असेल, तर आधी किडनीच्या डॉक्टरांना विचारा. अशा वेळी अँटिबायोटिक आधीच द्यायची पद्धत आहे, आणि पोटातलं पाणी काढून जायला सांगतात.

निघालेली पिशवी रोज छापील पेपरावर ठेवून बघायची. अक्षरं स्पष्ट वाचता आली तर ठीक. पांढरे धागे दिसले तर ते बहुधा फायब्रिनचे (रक्तातल्या एका प्रथिनाचे) असतात, विचारून घ्या. गढूळ दिसली, मग पोट दुखो न दुखो, ताप असो नसो, केंद्रात जायचं. तोवर घरातली उरलेली अँटिबायोटिकची गोळी देऊ नका, जंतू कोणता ते मग तपासणीत सापडत नाही. पिशवी फेकू नका, तीच नमुना. पाणी पोटात निदान दोन तास राहिलेलं असलं तर त्यातल्या पेशी मोजून निदान होतं. औषध बहुतेक वेळा पिशवीतूनच देतात, दोन ते तीन आठवडे. बुरशीचा संसर्ग निघाला तर मात्र कॅथेटर काढावा लागतो, म्हणून कुठलंही अँटिबायोटिक चालू असताना बुरशीचं औषध सोबत हवं का, हे विचारायला विसरू नका.

दारामागे एक कापडी पिशवी टांगून ठेवा: फाइल, गोळ्यांची यादी, दोन टोप्या, दोन मास्क, केंद्राचा रात्रीचा नंबर मोठ्या अक्षरात, आणि गढूळ पिशवी घालायला एक जाड प्लास्टिकची थैली. आमची रात्री अडीचला लागली होती, आणि तेव्हा फाइल माळ्यावर होती.