हापूस तपासणारा स्कॅनर चुकीचे आकडे देतो तेव्हा : या चुका टाळा

आंबा न कापता त्याच्या गराचा अंदाज देणारा, हातात मावणारा स्कॅनर फळावर साधारण ७०० ते ११०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश टाकतो आणि गरातून परतलेल्या प्रकाशावरून हिशेब मांडतो. तो साखर थेट मोजत नाही. आधी कापून तपासलेल्या फळांच्या नोंदींशी ताडून उत्तर देतो. ‘यंत्र बिघडले’ या बहुतेक तक्रारी हे विसरल्यामुळे होतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे काढणीच्या वेळी ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या साखरेचे माप, पाहणे. झाडावरच्या कच्च्या आंब्यात पुढची गोडी मुख्यतः स्टार्चच्या रूपात असते आणि अढीत पिकतानाच तिची साखर होते. त्यामुळे कोवळे फळ आणि चौदा आणे (जवळजवळ पूर्ण) तयार फळ यांच्या ब्रिक्समध्ये विशेष फरक दिसत नाही. काढणीसाठी शुष्क पदार्थाचे, म्हणजे पाणी काढल्यावर गरात जे उरते त्याचे, प्रमाण पाहावे आणि ब्रिक्स पिकलेल्या फळासाठी राखून ठेवावा. पडताळा हवा असेल तर जुनी पाण्याची परीक्षा आजही उपयोगी आहे : तयार फळ बुडते, कोवळे तरंगते.

आकडे चुकतात कसे, हेही पाहावे. सगळी फळे एकाच दिशेने, म्हणजे नेहमी जास्त किंवा नेहमी कमी, दाखवली जात असतील, तर दोष बहुधा मॉडेलचा, म्हणजे कापून तपासलेल्या फळांच्या नोंदींवरून बसवलेल्या हिशेबाचा, असतो. केसरवर बसवलेले मॉडेल हापूसला तसेच लावू नये. हंगामाच्या सुरुवातीला आपल्याच बागेतली वीसेक फळे स्कॅन करावीत, स्कॅन केलेल्या जागेचाच गर कापून ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा आणि त्यावरून निघालेले प्रमाण यंत्राच्या आकड्याशी जुळवावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

एकच फळ दर वेळी वेगळा आकडा देत असेल, तर मात्र आपली हाताळणी तपासावी. उन्हातून आणलेले फळ लगेच स्कॅन करू नये, कारण तापमान बदलले की पाण्याच्या प्रकाशशोषणाची, विशेषतः ९७० नॅनोमीटरजवळची, खूण सरकते. फळ आणि भिंग यांच्यामध्ये फट राहिल्यास बाहेरचा उजेड आत शिरतो. भिंगावर चीक वाळला असेल, तर तो पुसून पांढऱ्या संदर्भपट्टीवर यंत्र पुन्हा जुळवावे. उन्हाकडची आणि सावलीकडची बाजू सारखी नसते. दोन्ही गालांवर वाचन घेऊन सरासरी काढावी.

राहिला साका, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा होण्याचा दोष. तो कोयीजवळच्या गरात सुरू होतो आणि हा प्रकाश सालीखाली काही मिलिमीटर ते फार तर सेंटिमीटरभरच पोहोचतो. कोयीपर्यंत पाहण्यासाठी क्ष-किरणांसारखे साधन लागते. तेव्हा स्कॅनरच्या भरवशावर पेटीला ‘साका नाही’ अशी हमी देऊ नये, आणि कोणी देत असेल तर त्याच्यासमोर दोन फळे कापून पाहावीत.