घरीच तत्त्वज्ञान शिकवताय? पुस्तकं निवडताना या चुका टाळा

दापोलीजवळच्या आमच्या घरात दोन मुलं शाळेत न जाता शिकतात. मुलगी चौदाची, पुतण्या सोळाचा. तत्त्वज्ञान सुरू करायचं ठरलं तेव्हा मी आधी पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा जाडजूड इतिहास मागवला, थेलीसपासून कांटपर्यंत. दोन महिन्यांत मुलांना तत्त्वज्ञांची नावं पाठ झाली, पण एकही प्रश्न पडला नाही. म्हणून पहिली चूक हीच सांगते.

इतिहासापासून सुरुवात करू नका

कालक्रम ज्याला विषय आधीच आवडतो त्याच्या कामाचा. तेरा-चौदाव्या वर्षी आधी कोडं लागतं. प्राचीन ग्रीक लेखक प्लूटार्कने नोंदवलेलं, दंतकथेतला वीर थीसिअस याच्या जहाजाचं कोडं घ्या : एकेक करून सगळ्या फळ्या बदलल्या, तर जहाज तेच का? आम्ही हे हर्णैला, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांपाशी उभं राहून विचारलं. मुलगी म्हणाली, नंबर तोच तर होडी तीच. पुतण्या म्हणाला, मग रंगारी चुकून दुसरा नंबर लिहून गेला तर? तास कसा गेला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जने सतराव्या शतकात घातलेली भर सांगितली : काढलेल्या जुन्या फळ्या जपून कुणी त्यांचीच दुसरी होडी बांधली, तर खरी कोणती? तेव्हा ‘हा हॉब्ज कोण?’ हे मुलांनीच विचारलं. नाव असं प्रश्नामागून यायला हवं.

प्रवचन आणि तत्त्वज्ञान एक समजू नका

घरातल्या पोथ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ज्या पुस्तकात उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि शंका घेणं उद्धटपणा ठरतं, ते या तासाला चालत नाही. मात्र या भीतीने भारतीय दर्शनंच वगळली तर नुकसान मोठं. तर्कावर भर देणाऱ्या न्यायदर्शनातलं अनुमान पाहा : डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे, जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. प्रतिज्ञा (सिद्ध करायचं ते), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (उदाहरण इथे लागू करणं), निगमन (निष्कर्ष) अशा पाच पायऱ्यांत हे मांडतात. आमच्याकडे एप्रिलमध्ये भाजावळीचा, म्हणजे शेतजमीन भाजण्याचा, धूर असतो आणि पावसात त्याच डोंगरावर धुकं. धुक्यालाच धूर समजलं तर अनुमान कुठे फसतं, हे मुलांना खिडकीतून दिसतं. उलट नियम, म्हणजे ‘जिथे आग तिथे धूर’, का टिकत नाही, हेही नैयायिकांनी (न्यायदर्शनाच्या अभ्यासकांनी) सांगून ठेवलंय : तापलेल्या लोखंडी गोळ्यात आग असते, धूर नसतो, धुरासाठी ओलं सरपण लागतं. जुलैत चूल पेटवलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

परलोक न मानणारे चार्वाकही जरूर वाचायला द्या, पण एक गोष्ट आधी सांगून. त्यांची मतं आपल्यापर्यंत बहुतांशी त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतून आली आहेत. ‘हे कोण सांगतंय?’ ही सवय तिथूनच लागते.

भाषेत अडकणं

इंग्रजी व्हिडिओवर सगळी भिस्त ठेवू नका. पावसात आमच्याकडे रेंज जाते हा एक भाग. पण ऐकलेला युक्तिवाद मूल मराठीत मांडू शकलं नाही, तर तो त्याला कळलेला नसतो. बालभारतीची अकरावी-बारावीची तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्राची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, ती मे महिन्यातच उतरवून ठेवा. ‘ज्ञानमीमांसा’ (ज्ञान म्हणजे काय, याचा विचार) यासारखे शब्द तिथे उदाहरणांसकट भेटतात. अडलेल्या संकल्पनेसाठी मराठी विश्वकोश आहे. स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानकोश उत्तम आणि मोफत, पण तो पालकाने आदल्या रात्री वाचायचा. मुलाच्या हातात थेट देऊ नका. परीक्षा द्यायची असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत (एनआयओएस) बारावीला तत्त्वज्ञान हा विषय आहे.

दूरचीच उदाहरणं

प्लेटोच्या ‘क्रिटो’त सॉक्रेटिस तुरुंगातून पळून जायला नकार देतो, का, तर आजवर नगराचे कायदे मान्य केले म्हणून. छोटा आणि वाचनीय संवाद आहे. पण तो एकटा देऊ नका. शेजारी आपलं महाड ठेवा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे मंडळात 1923 मध्ये झाला, पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केलं, तरी रूढीने ते बंदच राहिलं. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी तिथलं पाणी प्यायलं. इथे कायदा कोणी पाळला आणि मोडलं काय? यावर आमच्याकडे दोन दिवस वाद चालला, आणि ‘क्रिटो’ मुलांनी आपणहून पुन्हा उघडलं.

‘ज्याचं त्याचं मत’ म्हणून मूल थांबलं तर

हे हमखास होतं. रागावू नका, पुस्तकही बदलू नका. तीन गोष्टी समोर ठेवा : सोलकढी आवडते की नाही, आज भरती किती वाजता आहे, आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं मासेमारीचं जाळं) ओढायला आजारपणामुळे न आलेल्या माणसाला वाटा द्यावा का. पहिली आवडीची, दुसरी घड्याळ लावून तपासता येणारी. तिसरी या दोघींपैकी कुणासारखी, ते मुलालाच ठरवू द्या आणि कारण विचारा. आमचा पुतण्या आधी ‘सोलकढीसारखी’ म्हणाला. मग बंदरावरच्या काकांना विचारून आला आणि वहीत पानभर लिहून ते स्वतःच खोडलं.