गल्लीची राखण: कोयंड्यापासून गस्तीपर्यंत

घरफोडीच्या बातम्यांत एक वाक्य हमखास असतं: ‘बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून चोरट्यांनी प्रवेश केला.’ म्हणजे घर बंद असल्याचं बाहेरून कळत होतं, आणि कुलूप शाबूत राहून कोयंडाच निघाला. गल्लीची राखण या दोन गोष्टींपासून सुरू करा. काठ्या घेऊन फिरणं त्यानंतरचं.

आधी कोयंडा. पातळ पत्र्याचा कोयंडा बहुधा अर्ध्या-पाऊण इंची स्क्रूंवर बसवलेला असतो. कटावणी अडकवून जोर दिला की स्क्रू लाकडातून सुटतात आणि महागडं कुलूप तसंच लटकत राहतं. किमान 3 मिलिमीटर जाडीचा कोयंडा घ्या. फळीला आरपार भोकं पाडून 6 मिलिमीटरचे गोल डोक्याचे बोल्ट घाला. डोकं बाहेर, नट आत, नटाखाली मोठा वॉशर. चौकटीकडे आरपार जाता येत नाही, तिथे अडीच-तीन इंची स्क्रू वापरा. चौकटीला वाळवी लागली असेल तर आधी चौकट बदला, नाहीतर बाकीचा खर्च वाया जातो. शक्य असेल तर दारातच बसणारं कुलूपही लावा, कारण बाहेर लटकणारं कुलूप घरात कोणी नाही हे रस्त्यावरूनच सांगतं. एवढं सगळं पुढच्या दाराला करून मागचं आणि जिन्याचं दार साध्या कडीवर सोडणारे पुष्कळ. चोर तीच दारं शोधतो.

उन्हाळ्यात पारा 40 च्या वर गेला की माणसं गच्चीवर झोपायला जातात. तेव्हा खालचं दार आतून बंद करा, जिन्याच्या दाराला गच्चीच्या बाजूने कडी घाला, किल्ल्या आणि फोन उशाशी घ्या. खाली झोपणाऱ्यांनी उघड्या खिडकीजवळ फोन चार्जिंगला लावू नये, खुंटीवर पँट टांगू नये. गजांतून काठी घालून दोन्ही ओढता येतात.

घर बंद असल्याच्या खुणा चोराआधी शेजाऱ्यांनी पुसायच्या. दारात सडा-रांगोळी नाही, पेपर पडून आहेत, बाहेरचा दिवा भरदुपारी जळतोय, एवढं पाहून कोणालाही अंदाज येतो. गावाला जाणाऱ्याने पेपर आणि दूध बंद करावं, दिव्याला उजेडावर चालणारा सेन्सर लावावा, आणि शेजारच्या वहिनींना रोज सडा टाकून दोन रेघा ओढायला सांगावं. कोण कधी जाणार याची नोंद एका विश्वासू माणसाकडे वहीत ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती टाकू नका. तिथून पुढे कुठे जाईल याचा भरवसा नाही. मे महिना, दिवाळी, आषाढी या दिवसांत वही रोज पाहा. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत तर अख्खी गल्ली संध्याकाळी होम मैदानावर जाते. अशा संध्याकाळी प्रत्येक गल्लीत दोन-तीन घरं ठरवून जागी राहिली पाहिजेत.

आता गस्त. चाळीस घरांच्या गल्लीत घरटी एक माणूस आणि रोज चौघे धरले तर दहाव्या रात्री पाळी येते, तेवढं झेपतं. एक जोडी बारा ते अडीच, दुसरी अडीच ते पाच. एकट्याने फिरू नये. फेरीची वेळ आणि दिशा रोज बदला. ठरलेल्या वेळची फेरी चोर दोन रात्रींत ओळखतो. सोबत टॉर्च, शिट्टी, चार्ज केलेला फोन आणि वही. मध्यरात्री नळाला पाणी येणार असेल तेव्हा गल्ली जागी असते म्हणून गस्त सोडू नका. सगळे मोटारीपाशी आणि पुढचं दार सताड उघडं, अशी ती वेळ असते.

संशय आला तर लांबूनच विचारा, ‘कोणाकडे जायचंय?’ उत्तर पटलं नाही तर 112 ला फोन करा. चौक किंवा जवळची ओळखीची खूण, किती जण, गाडीचा नंबर आणि कोणत्या दिशेने गेले, या क्रमाने सांगा. नागरिकाला चोर धरता येतो, पण विनाविलंब आणि जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यावा लागतो. हात उचलायचा नाही, हा गस्तीचा पहिला नियम. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली ती माणसं, बहुतेक आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातली. म्हणून अनोळखी माणसाचा फोटो ‘चोर’ म्हणून ग्रुपवर टाकणाऱ्याला लगेच थांबवा, तो कितीही जवळचा असला तरी. फेरीवाला, भंगारवाला, पालावरचा माणूस गल्लीत आला म्हणजे गुन्हा झाला नाही.

कॅमेरा गल्लीच्या तोंडाशी, आठ ते दहा फुटांवर बसवा. फार उंच लावला तर टोप्या आणि डोकीच दिसतात. रात्री चित्र पांढरं धुकट येतं ते बहुधा कोळ्याच्या जाळ्यामुळे: कॅमेऱ्याच्या दिव्याकडे किडे येतात, त्यांच्यामागे कोळी. पंधरा दिवसांनी फडकं मारा. रेकॉर्डरचं घड्याळ फोनशी जुळवा, कारण चुकलेल्या वेळेचं चित्रण तपासात घोळ करतं. रेकॉर्डर हॉलमध्ये टीव्हीखाली ठेवला तर चोर तोही उचलतो; तो आतल्या कपाटात हवा, जोडीला छोटा यूपीएस. जागा भरली की जुनं चित्रण पुसलं जातं, म्हणून घटना घडली त्याच दिवशी प्रत काढा.

दुपारी घरी असलेल्या आजी-आजोबांना दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगा. दागिने पॉलिश करून देणाऱ्याला दारात उभं करू नये. आणि ‘आम्ही पोलीस आहोत, पुढे गडबड आहे, दागिने काढून रुमालात बांधा’ असं खरा पोलीस कधीच सांगत नाही.

एवढं करूनही घर फोडलेलं दिसलं तर आत जाऊ नका, आत कोणी असू शकतं. 112 लावा. केर काढू नका, कपाट आवरू नका, ठसे तिथेच असतात. दागिन्यांचे फोटो, वजन आणि पावत्या आधीपासून दुसऱ्या घरी ठेवलेल्या असतील तर फिर्यादीत नेमका माल लिहिता येतो आणि तो सापडल्यावर ओळखता येतो. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ती घ्या, आणि माल व वजन बरोबर लिहिलंय का ते वाचूनच सही करा.