पासवर्ड बरोबर, तरी कोड 'चुकीचा': दोष निघाला घड्याळाचा
जुन्या डेस्कटॉपवर लॉगिन करताना पासवर्ड चालायचा, पण त्याच पीसीवरच्या ऑथेंटिकेटरचा (लॉगिनसाठी दुसरा, तात्पुरता कोड देणारं ॲप) सहा अंकी कोड दरवेळी 'चुकीचा'. नवं खातं उघडायला गेलो तर 'कनेक्शन सुरक्षित नाही'. पासवर्ड बदलला, कुकीज पुसल्या, ब्राउझर नव्याने टाकला. दोन संध्याकाळी पाण्यात. मग कोपऱ्यातलं वर्ष दिसलं: २०१५! ऑथेंटिकेटरचा कोड पीसीच्या वेळेवरून बनतो, दर ३० सेकंदांनी बदलतो; कनेक्शन सुरक्षित आहे का हे तपासतानाही ब्राउझर तारीख बघतो.

पीसी बंद करून प्लग काढला. मदरबोर्डवरचा (पीसीच्या आतला मुख्य सर्किट बोर्ड) सीआर२०३२ सेल, म्हणजे वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारी नाण्यासारखी बॅटरी, बदलला; अधिक (+) खुणेची बाजू वर. चालू करताना डिलीट दाबून (काही पीसींत एफ२) बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी पीसीची मूळ सेटिंग) तारीख-वेळ भरली, सेव्ह केलं. विंडोजमध्ये टाइम झोन यूटीसी +५:३० ठेवून 'सिंक नाऊ' दाबलं. पुढचाच कोड चालला. आधी नुसती तारीख दुरुस्त केली होती, ती प्लग काढताच पुन्हा मागे गेली.