जुन्या सुट्या भागावरचा नंबर ओळखताना या चुका टाळा

एप्रिल-मे महिन्यात रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात विहिरीवरची मोनोब्लॉक (पंपासह एकाच अंगात असलेली) मोटर कर्कश आवाज करू लागली, की शेतकरी तेलकट फडक्यात गुंडाळलेली जुनी बेअरिंग घेऊन दुकानात येतो आणि त्यावरचा अर्धवट पुसलेला नंबर लावण्याचे काम काउंटरवरच्या माणसाकडे येते. त्या चार-पाच आकड्यांवरून नेमकी वस्तू ओळखण्यात गूढ काहीच नाही. चुका होतात त्या बहुतेक घाईने होतात, आणि अशी एक चूक म्हणजे जळगावची एक फुकट फेरी आणि भर उन्हाळ्यात केळीचे चुकलेले पाणी.

सर्वात जास्त घोटाळा होतो तो दिसेल तो आकडा मालाचा नंबर समजल्यामुळे. नंबर कशाचा आहे हे विचारण्याआधी तो कोणी दिला आहे, हे विचारावे. पुष्कळ गिऱ्हाईक जुने बिल दाखवून ‘८४८२’ मागतात. पण तो जीएसटीसाठी मालाचा वर्ग सांगणारा एचएसएन क्रमांक आहे, आणि बेअरिंग स्कूटरच्या चाकातली असो की साखर कारखान्यातली, सगळ्या बॉल आणि रोलर बेअरिंगच्या बिलावर हेच चार आकडे येतात. पंपावरच्या आयएसआय चिन्हाचेही तसेच आहे. चिन्हाच्या वर लिहिलेला आयएस क्रमांक हा मानकाचा असतो, उदाहरणार्थ सबमर्सिबल पंपसंचासाठी आयएस ८०३४. चिन्हाखालचा ‘सीएम/एल’ने सुरू होणारा क्रमांक उत्पादकाच्या परवान्याचा असतो. हा परवाना खरा आहे का, हे भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासता येते आणि ते जरूर तपासावे. मात्र त्यावरून पंपाचा सुटा भाग मिळणार नाही. खोक्यावरचा ८९०ने सुरू होणारा बारकोड तर फक्त एवढेच सांगतो, की तो क्रमांक जीएस१ इंडिया या बारकोड देणाऱ्या संस्थेकडून घेतलेला आहे. माल भारतातच बनला, असाही त्याचा अर्थ होत नाही.

खुद्द बेअरिंगवरचा नंबर मात्र बोलका असतो. ६२०५ हा नंबर घ्या. पहिला ६ म्हणजे एका ओळीच्या गोळ्यांची साधी बेअरिंग, त्यापुढचा २ म्हणजे तिची मालिका (तेवढ्याच छिद्राला बाहेरचा व्यास आणि जाडी किती, ते हिच्यावर ठरते), आणि शेवटच्या ०५ला पाचने गुणले की आतल्या छिद्राचा व्यास मिळतो, २५ मिलिमीटर. हा गुणाकार ०४पासून पुढे चालतो. त्याआधीच्या चार आकड्यांना तो लावू नये, कारण ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५ आणि ०३ म्हणजे १७ मिलिमीटर, हे ठरलेले आहे. ६२०३ला पंधराचा शाफ्ट (बेअरिंग ज्यावर बसते तो दांडा) समजणारे मी अनेकदा पाहिले आहेत.

माझ्याकडून सुरुवातीच्या काळात झालेली चूक याहून साधी होती. यावल तालुक्यातल्या एका विहिरीवरची मोटर उघडली, तेव्हा बेअरिंगवरचा दुसरा आकडा गंजाने खाल्ला होता. मी शाफ्ट मोजला, तो बरोबर २५ भरला, आणि ६२०५ पाठवून दिली. ती शाफ्टवर हलक्या ठोक्याने छान बसली, पण कव्हरच्या घरात (बेअरिंग बाहेरून जिथे बसते त्या गोल खाचेत) टाकल्यावर चारी बाजूंनी सैल पडली, कारण तिथे ६३०५ होती. दोन्हींचे आतले छिद्र सारखेच. फरक असतो तो बाहेर. ६२०५चा बाहेरचा व्यास ५२ आणि जाडी १५ मिलिमीटर, तर ६३०५चा व्यास ६२ आणि जाडी १७. तेव्हापासून आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी ही तिन्ही मापे व्हर्निअर कॅलिपरने घेतल्याशिवाय मी नंबर पक्का धरत नाही.

मापे जुन्या बेअरिंगची घ्यावीत आणि तिच्या घराचीही घ्यावीत. आपल्याकडे एकेक मोटर तीन-तीन वेळा रिवाइंडिंग होऊन आलेली असते, आणि मधल्या काळात एखाद्या कारागिराने झिजलेले घर बोअर करून (कोरून मोठे करून) त्यात बुश, म्हणजे धातूची कडी, घातलेला असतो. अशा मोटरच्या कंपनीच्या पुस्तिकेत एक नंबर असतो आणि प्रत्यक्षात आत दुसराच बसतो. यात पुस्तिकाही चुकलेली नसते आणि कारागीरही.

नंबरच्या मागची अक्षरे गाळणे ही चूक लगेच दिसत नाही, म्हणून ती अधिक महागात पडते. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणे आणि २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. काही कंपन्या त्याच रबरी सीलला डीडीयू किंवा एलएलयू लिहितात, त्यामुळे अक्षरे वेगळी दिसली तरी माल वेगळा असेलच असे नाही. सी३ म्हणजे तिसऱ्या प्रतीचा माल, असा समज मी प्रत्यक्ष ऐकला आहे. तो साफ चुकीचा आहे. सी३ म्हणजे गोळ्या आणि कड्या यांच्यात नेहमीपेक्षा थोडी जास्त मोकळीक. चालत्या मोटरचा शाफ्ट तापतो, आतली कडी फुगते आणि मोकळीक कमी होते. जळगाव-भुसावळकडे भर उन्हाळ्यात हवाच ४५ अंशांच्या आसपास असते, तेव्हा जिथे सी३ होती तिथे साधी बेअरिंग बसवली तर ती जाम होण्याचा धोका राहतो.

पुसट नंबर वाचण्यासाठी कडी पॉलिश पेपरने घासू नये, उरलेसुरले आकडेही जातात. रॉकेल किंवा डिझेलने ग्रीस धुवावे, कोरड्या कडीवर पांढरा खडू चोळून वरवर पुसावा आणि मोबाइलचा टॉर्च समोरून न धरता अगदी तिरपा धरावा. खाचांत खडू राहतो आणि ३ व ८, ५ व ६ वेगळे दिसू लागतात. दोन्ही बाजू पाहाव्यात, मात्र दुसऱ्या बाजूवरची बारीक अक्षरे बहुधा कंपनीच्या बॅचची असतात, ती मालाचा नंबर समजू नयेत.

यंत्राच्या व्ही-पट्ट्याच्या नंबरातही हाच फसवा साधेपणा आहे. त्यातले अक्षर पट्ट्याची रुंदी-जाडी सांगते आणि आकडा इंचांतली लांबी. गिरणीवर ज्वारी-उडदाच्या कळण्याचे पीठ निम्मे दळून झालेले असताना पट्टा तुटतो, गिरणीवाला तो बाहेरून टेपने मोजतो, जवळपास ५५ इंच भरतो, आणि तो बी-५५ घेऊन जातो. वास्तविक या जुन्या पद्धतीच्या नंबरात आतली लांबी धरलेली असते. बी पट्टा ११ मिलिमीटर जाड असतो, म्हणून बाहेरचे माप आतल्यापेक्षा सुमारे पावणेतीन इंच जास्त येते. त्याला हवा होता तो बी-५२. ऑइल सीलवरचे (शाफ्टभोवतीची तेलगळती रोखणाऱ्या कडीवरचे) २५-४७-७ मात्र कोडच नव्हे, शाफ्ट, घर आणि जाडी यांची ती सरळ मिलिमीटरमधली मापे आहेत.

एवढे करूनही नंबर लागला नाही, तर दुकानदाराला नुसता आकडा फोनवर सांगू नये. भागाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, तीन मापे आणि मोटरच्या नेमप्लेटचा फोटो एकत्र पाठवावा. नवा भाग बसला, की त्याचा पूर्ण नंबर शेवटच्या अक्षरांसकट मोटरच्या अंगावर ऑइल पेंटने लिहून ठेवावा, आणि तो पाण्याच्या बाजूला न लिहिता पंख्याच्या कव्हरजवळ लिहावा, म्हणजे गळतीच्या पाण्याने पुसला जाणार नाही.