बघायचा दिवस वेगळा, घ्यायचा दिवस वेगळा

एका शनिवारी काळी पँट आणायला म्हणून घराबाहेर पडले आणि साडेतीन तासांनी उशांचे दोन अभ्रे, एक छत्री आणि पोटऱ्यांत गोळे घेऊन परत आले. पँट आलीच नाही. नऊ घालून बघितल्या, त्यातल्या दोन चांगल्या होत्या. पण ‘अजून एक दुकान बघू’ म्हणत निघाले ती पुढेच गेले आणि शेवटी पहिल्या दुकानात परत जायला पाय तयार होईनात. छत्र्या घरात आधीच तीन होत्या.

माझी ताई अकरा मिनिटांत बूट घेऊन बाहेर येते. मी घड्याळ लावून बघितलंय. बरीच वर्षं मी याला स्वभाव म्हणत होते. ती ठाम, मी धरसोड. मग एकदा तिच्या घरूनच तिच्याबरोबर खरेदीला निघाले, तेव्हा उलगडा झाला. ती दुकानात काही ठरवतच नाही. ठरवून आलेली असते, दुकानात फक्त तपासते.

पुढे लिहिलंय ते तिच्याकडून उचललेलं आहे, माझ्या सोयीने थोडं वाकवून. कारण मला दुकानांतून भटकायला आवडतं आणि ते मी सोडणार नाही.

सुरुवात कपाटापासून. जे घ्यायचं त्या जातीचं घरात असलेलं सगळं बाहेर काढायचं, पलंगावर पसरायचं आणि मोजायचं. मी पसरलं तेव्हा चार करड्या पँटी निघाल्या. चारही ‘काळी मिळाली नाही म्हणून’ घेतलेल्या. त्यांतली कुठली सारखी घातली जाते आणि कुठली पडून राहते, ते बघा. माझी आवडती खिशात फोन मावणारी होती, पडून राहिलेल्या तिन्हींचे खिसे नुसते दिसायला. दुकानात हे कधी सुचलं नसतं. तिथे मी कापडाकडे बघत होते.

मग चिठ्ठी. ताई ‘काळी पँट’ असं कधीच लिहीत नाही. तिच्या चिठ्ठीत तीन ओळी असतात: पाहिजेच, असलं तर बरं, नको. पहिल्या ओळीत दोन-तीनपेक्षा जास्त गोष्टी नकोत, नाहीतर ती वस्तू जगात सापडणार नाही. माझी चिठ्ठी अशी झाली:

पाहिजेच – काळी, खोल खिसे, घरी धुता येणारी.
असलं तर बरं – कमरेला थोडं इलॅस्टिक.
नको – करडा. घोट्याच्या वर संपणारी. ‘बारीक झाल्यावर बसेल’ अशी.

यातली ‘नको’ची ओळ सगळ्यात कामाची. सेलच्या पाटीखाली उभं राहिल्यावर आपल्याच अक्षरात ‘करडा नको’ वाचलं की हात मागे येतो. चिठ्ठीच्या खाली जास्तीत जास्त किती पैसे द्यायचे तो आकडा लिहा आणि तो घरीच लिहा. दुकानात पहिल्यांदा जी किंमत नजरेला पडते, तिच्या मानाने पुढची प्रत्येक किंमत स्वस्त किंवा महाग वाटते. म्हणून पहिला आकडा आपला असावा.

मापं तोंडपाठ असल्याचा भरवसा धरू नका. पडद्यांच्या वेळी मी ‘साधारण माझ्या उंचीएवढी खिडकी’ एवढ्यावर गेले होते. ताईने माझ्या हातात सुतळी दिली. खिडकीच्या दांड्यापासून जिथपर्यंत पडदा हवा तिथपर्यंत धरून एक गाठ, रुंदीची दुसरी गाठ. दुकानात सुतळी कापडावर ताणली की संपलं. (रुंदीला मात्र खिडकीच्या दीडपट ते दुप्पट कापड लागतं, नाहीतर चुण्या पडत नाहीत आणि पडदा चादर वाळत घातल्यासारखा दिसतो.) कपाट किंवा सोफा घ्यायचा असेल तर जागा मोजाच, पण दार आणि जिन्याचं वळणही मोजा. बल्ब आणायचा तर जुना खिशात टाकून न्या. पिनांचा आहे की आट्यांचा, हे आठवत उभं राहायला नको. आणि उजेड वॅटवर नाही, ल्युमेनवर बघा. जुन्या ६० वॅटच्या बल्बएवढा उजेड हवा असेल तर ८०० ल्युमेनच्या आसपास.

आता दुकान. आत पाऊल टाकलं की कोणीतरी विचारतं, काय दाखवू? आणि माझ्या तोंडून आपोआप निघायचं, ‘काही नाही, बघतेय नुसती.’ साडेतीन तासांचा उगम या चार शब्दांत आहे. ताई दारातच म्हणते, ‘काळी पँट, खोल खिशांची, या मापाची. तीन दाखवा.’ समोरच्याला काम मिळतं आणि तिला उरलेलं दुकान दिसतच नाही.

हे जरा थांबून सांगते, कारण स्वतःला चंचल म्हणून फार बोल लावून घेतलेत मी. पूर्वी दुकानात बोलायलाच लागायचं. माल काउंटरच्या मागे, नाव घ्याल ते पुढ्यात येणार. गिऱ्हाईकाने स्वतः हिंडून माल उचलायचा, ही पद्धत रूढ झाली ती क्लॅरेन्स सॉन्डर्सने १९१६ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात काढलेल्या ‘पिगली विगली’ या दुकानापासून. आत शिरायला फिरतं फाटक आणि सगळ्या फळ्यांसमोरून नेणारी वाट. बाहेर पडायचं तर सगळं बघूनच. पुढे १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीतल्या सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराच्या लक्षात आलं की हातातली टोपली जड झाली की लोक खरेदी थांबवतात. त्याने टोपल्यांना चाकं लावली. १९८२ मध्ये रोनाल्ड मिलिमन या संशोधकाचा एक प्रयोग छापून आला. सुपरमार्केटात संथ संगीत लावलं की लोक हळू चालत होते आणि जलद संगीताच्या मानाने विक्री सुमारे ३८ टक्क्यांनी जास्त होत होती. म्हणजे रमतगमत फिरणं ही माझ्या एकटीची खोड नाही, ती माझ्यासाठी बांधून ठेवलेली वाट आहे. तेव्हापासून मी घ्यायच्या दिवशी ट्रॉली घेत नाही. हातात मावेल तेवढंच.

आणि हात लावायचा तो फक्त चिठ्ठीवरच्या वस्तूला. जोआन पेक आणि सुझान शू या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं होतं की वस्तूला नुसता स्पर्श केला तरी ती आपली वाटायला लागते. ती छत्री मी उघडून बघितली होती. उघडली नसती तर घेतली नसती, हे मी शपथेवर सांगेन.

ट्रायल रूममध्ये खरी गाडी अडते. नऊ पँटी आत नेल्या की सहावीपर्यंत पहिली कशी होती ते आठवत नाही. तीनच न्यायच्या. पहिल्या दोन घालून बघायच्या, त्यातली एक बाद करून लगेच बाहेर द्यायची. खुंटीवर ठेवायची नाही, कारण खुंटीवरची पुन्हा खुणावते. उरलेलीची तिसरीशी गाठ. जी राहील ती चिठ्ठीशी ताडायची.

बाद करताना क्रम महत्त्वाचा. आधी ते बघा जे शिंप्यालाही सहजासहजी दुरुस्त करता येत नाही. शर्टाची खांद्यावरची शिवण हाडाच्या टोकाशी बसते का? पुढे ओघळत असेल तर बाकी कितीही गोड असू दे, परत. पँटची बैठक बसून बघा, नुसतं उभं राहून नाही. मी तर आतल्या स्टुलावर बसते, खाली वाकून बुटाची नाडी बांधल्यासारखं करते, खिशात फोन घालते. कमरेत मागून फट पडते का, मांडीवर कापड ताणलं जातं का, हे तेव्हाच कळतं. लांबी, बटणं, बाहीची टोकं यांच्यावर वेळ घालवू नका, ती नंतर होतात. आधी मी नेमकं उलटं करायचे. बटणं छान आहेत म्हणून घेतलेला एक शर्ट अजून खांद्यावरून घसरतो.

रंग दुकानातल्या दिव्याखाली ठरवू नका. काळा म्हणून घेतलेला गडद निळा निघतो. दाराशी उजेडात नेऊन, आपल्या काळ्या बुटाशेजारी धरून बघा. बुटांचं थोडक्यात: संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडे सुजतात. मोजे नेहमीचे घाला, आणि दोन पायांत जो मोठा असेल त्याला बसतो तो जोड घ्या.

तरीही अडकलात तर? दोन पँटींसमोर दहा मिनिटं उभं राहिलात, तर बहुधा दोन्ही चालण्यासारख्या आहेत. हर्बर्ट सायमन या अर्थतज्ज्ञाने १९५६ मध्येच मांडलं होतं की माणूस सगळ्यात उत्तम शोधत बसत नाही, पुरेसं चांगलं मिळालं की थांबतो. १९७८ मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मला मात्र थांबणं शिकावं लागलं. चिठ्ठीतलं ‘पाहिजेच’ सगळं जुळणारी पहिली वस्तू घ्यायची, दुसरं दुकान बघायचं नाही. पहिल्यांदा हे केलं तेव्हा हात खाजल्यासारखं झालं. दारातून बाहेर पडताना समोरच्या दुकानाकडे मी मान वळवली नाही, ताईने माझा दंड धरला होता म्हणून.

आणि काहीच जुळलं नाही तर रिकाम्या हाताने परत यायचं. हे लिहायला सोपं आहे. ‘एवढं आलोय तर काहीतरी घेऊनच जाऊ’ या वाक्याने माझ्या कपाटाचा एक कप्पा भरलाय. स्वतःला एकच विचारते: ही वस्तू आणायला मी घरून मुद्दाम निघाले असते का? अभ्र्यांसाठी निघाले नसते.

आता बघण्याचा दिवस. तो मी महिन्यातून एकदा ठेवते, एकटीने, आरामात. त्या दिवशी काही घ्यायचं नाही, वहीत लिहायचं: कुठे काय दिसलं, केवढ्याला, आवडलं का. पूर्वी पाकीट घरी ठेवलं की भागायचं. आता पैसे फोनमध्ये असतात आणि फोन घरी राहत नाही, तेव्हा हा नियम जिद्दीवरच चालतो. फोटो काढून भागत नाही. माझ्या फोनमध्ये दिव्यांचे चाळीस फोटो आहेत आणि एकाही दिव्याची किंमत आठवत नाही. वहीत एका गालिच्याचं नाव चार महिन्यांपासून आहे. दोनदा लिहिलं गेलं तर त्याची रीतसर चिठ्ठी करायची असं ठरवलंय. अजून एकदाच आहे.

घरी आल्यावर पँट लेबलसकट पंधरा मिनिटं घालून घरात वावरायचं, बिल समोर ठेवून. बदलून घ्यायची मुदत बिलावरच असते, ती आधी वाचा. ठीक वाटली की कात्री घेऊन लेबल कापायचं आणि त्या वस्तूबद्दलचं बघणं बंद.

मी लेबल कापलं त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला. तशीच पँट तिने दुसरीकडे पाहिली होती, खिसे आणखी खोल. मी तिला पडद्यांचं विचारलं.