कथेचा दुसरा खर्डा: पहिलं पान घासत बसू नका

दिवाळी अंकासाठी कथा बहुतेक ठिकाणी जुलै-ऑगस्टपर्यंत मागतात. म्हणजे पहिला खर्डा मे महिन्यात संपलेला हवा. तो जुलै उजाडला तरी अर्धाच असेल, तर यंदाचं सोडून द्या. वाईट वाटेल, पण कच्ची कथा नुसती परत येत नाही, पाठवणाऱ्याचं नाव त्या कच्चेपणासकट लक्षात राहतं.

खर्डा संपला की किमान पंधरा दिवस फाइल उघडायची नाही. मग छापून घ्या: १४ पॉइंट, ओळींत दुप्पट अंतर, कागदाची एकच बाजू. ३,००० शब्द साधारण १२ ते १४ पानांत बसतात. पहिलं वाचन एका बैठकीत आणि पेनाशिवाय. हातात पेन आलं की डोळा ऱ्हस्व-दीर्घावर जातो आणि कथा दिसेनाशी होते.

आता तो खड्डा, ज्यात जवळपास प्रत्येक जण पडतो. पहिलं पान.

रोज लिहायला बसताना आपण वरून वाचायला लागतो आणि वाचता वाचता एखादा शब्द बदलतो. पहिलं पान असं तीस वेळा हाताखालून जातं, दहावं जेमतेम दोनदा. पहिलं पान लखलखीत होतं आणि म्हणूनच त्याला कात्री लावायला हात धजत नाही. गंमत अशी की कापायचं असतं नेमकं तेच. पहिल्या दोन-तीन पानांत लिहिणाराच अजून पात्रांची ओळख करून घेत असतो. ती पानं त्याला लागतात, वाचणाऱ्याला नाही.

समजा, इचलकरंजीत यंत्रमागावर रात्रपाळी करणारा सदाशिव आहे. धाकट्या भावाच्या कर्जाला तो जामीन राहिलाय, भावाने हप्ते थकवलेत आणि पतसंस्थेची नोटीस येते. खर्ड्यात पहिल्या पानावर पहाट, मागांचा खडखडाट, कोपऱ्यावरचा चहा. दुसऱ्यावर वडिलांच्या आठवणी. तिसऱ्यावर भावाचं लग्न. नोटीस चौथ्यावर. पहाट कितीही छान उतरलेली असो, कथा चौथ्या पानावर सुरू होते.

अशा वेळी पहिल्या तीन पानांतलं वाचकाला कळायलाच हवं असं काय, ते वेगळ्या कागदावर लिहा. इथे तीनच गोष्टी निघतात: सदाशिव रात्रपाळीला असतो, भाऊ त्याच घरात राहतो, वडील आता नाहीत. बाकी सगळं सजावट. मग सुरुवात अशी होऊ शकते: सकाळी सदाशिव घरी येतो, केसांत कापसाचे तंतू, भावजय काही न बोलता पाकीट पुढे करते, आतल्या खोलीतून भावाचं घोरणं ऐकू येतंय. सदाशिव पाकीट उघडतो, वाचतो आणि वडिलांच्या हार घातलेल्या फोटोमागे खोचून ठेवतो. तिन्ही गोष्टी आल्या, आणि तो नोटीस लपवतोय हे फुकटात मिळालं.

कापलेली पहाट फेकू नका. 'उरलेलं' नावाच्या फाइलमध्ये टाका. ती परत लागत नाही, पण जवळ आहे एवढ्यानेच कात्री चालवायचा धीर येतो. आणि हो, आधी प्रसंगांचा क्रम पक्का करा, मगच वाक्यांना हात लावा. उलट केलंत तर जे पान उद्या जाणार आहे त्याच्यावर आज रात्र घालवाल. हे सगळ्यांना पटतं आणि तरीही दुसऱ्या दिवशी सगळे पहिल्या ओळीपासून सुरू करतात. सवयच तशी लागलेली असते. त्यावर उपाय म्हणून बसल्या बसल्या थेट मधलं पान उघडा.

प्रसंगांसाठी एक कागद, दोन रकाने. प्रसंग सुरू होताना कोणाला काय ठाऊक आहे आणि संपताना काय. दोन्ही रकाने सारखेच भरले, तर तो प्रसंग गाळा किंवा शेजारच्यात मिसळा.

दुसरा खर्डा नव्या फाइलमध्ये पुन्हा टाइप करा. कॉपी-पेस्ट केलं की जुनं वाक्य आयतं येऊन बसतं. हाताने उतरवताना जे टाइप करायचा कंटाळा येतो, ते वाचायचाही येणार असतो.

भाषेची फेरी त्यानंतर. मराठीत क्रियापद शेवटी, त्यामुळे 'होता'ची रांग लागते. 'सदाशिव दारात उभा होता. हातात डबा होता. बाहेर अंधार होता.' याचं 'सदाशिव डबा घेऊन दारात उभा. बाहेर अंधार.' होतं. 'आपला' आणि 'त्याचा' तपासा: 'सदाशिवने भावाला त्याच्या खोलीत बोलावलं' यात खोली कुणाची? स्वतःची असेल तर 'आपल्या'. निवेदनात 'केलं' की 'केले', एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. संवाद वेगळे, तिथे माणूस बोलेल तसंच.

गावाचं नाव बदलायचं असेल तर 'शोधा आणि बदला'वर विसंबू नका. 'पुणे' काढून 'सातारा' घातलं की 'पुण्याहून', 'पुण्यात' तसेच राहतात आणि 'पुणेरी'चं 'सातारारी' होतं. 'सीता' बदललीत तरी 'सीतेला' मागे उरते. सगळी रूपं एकेक करून शोधा.

मग मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे खूण करा आणि पुढे चला, वाचताना दुरुस्ती नको.

वाचक दोनच पुरे, त्यातला एक कथा न लिहिणारा. 'कशी वाटली?' विचारू नका, 'अप्रतिम' हेच उत्तर येईल. 'कुठे कंटाळा आला? कुठे मागे जाऊन वाचावं लागलं?' असं विचारा. दोघांनी एकाच जागी बोट ठेवलं तर जागा चुकलीच, मग त्यांनी सुचवलेला उपाय चुकीचा का असेना. मार्गदर्शकाबद्दल एक स्पष्ट मत: जो तुमचं वाक्य खोडून स्वतःचं वाक्य लिहून देतो, त्याच्याकडे जाऊ नका. मोठा लेखक असेल, तरीही. आणि यंत्राकडून 'भाषा सुधारून' घेतलीत तर सदाशिव, भाऊ आणि भावजय तिघं एकाच आवाजात बोलायला लागतील.

शेवटचा परिच्छेद झाकून कथा वाचा. बरेचदा ती आधीच्या ओळीवरच संपलेली असते, आणि झाकलेल्या परिच्छेदात आपण फक्त समजावून सांगत असतो.

शुद्धलेखन सर्वांत शेवटी. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे १४ आणि १९७२चे ४ नियम एका तासात वाचून होतात, घाबरण्यासारखं काही नाही. मजकूर युनिकोडमध्येच पाठवा आणि सोबत पीडीएफ जोडा, म्हणजे अक्षरं फुटली तर ताडून पाहता येतात. मुद्रितं, म्हणजे छापण्याआधी तपासायला पाठवलेली पानं, आलीच तर आधी 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' असे शब्द बघा, फॉन्ट बदलताना हे ऱ्य हमखास मोडतात. मग पात्रांची नावं, मग शेवटची ओळ जागेवर आहे ना ते. मुद्रितात वाक्यं नव्याने लिहू नका, पहिलं तर नाहीच.